थॉनी: कोडच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारा एडिटर

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने शिकणाऱ्या पोराला कोड लिहायला कोणता एडिटर द्यावा, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून थॉनी सांगते. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो नवशिक्यांसाठीच बनला. फुकट आहे, आणि विंडोजवर टाकताना पायथन सोबतच येतं.

माझी भाची आठवीत आहे. तिने कन्सोलवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या खिडकीत, चालणारी महाराष्ट्राची प्रश्नमंजूषा लिहिली होती. प्रश्न छापायचा, इनपुट घ्यायचं, इफ-एल्सने (‘असं असेल तर हे, नाहीतर ते’) तपासायचं, आणि हाच ठोकळा प्रत्येक प्रश्नासाठी पुन्हा चिकटवायचा. खेळ चालत होता. पण माझी नोकरी टेस्टिंगची, सरळ उत्तर देणं जमतच नाही. कृष्णेच्या उगमाला ‘महाबळेश्वर’ लिहून पुढे एक स्पेस दिली. चूक!

“मावशी, स्पेलिंग तर बरोबर आहे की!”

थॉनीत व्हेरिएबल्सची, म्हणजे नावं देऊन साठवलेल्या किमतींची, चौकट उघडली. तिथे मजकूर अवतरणचिन्हांत दिसतो, त्यामुळे ‘र’नंतरची रिकामी जागा तिला स्वतःलाच सापडली. मग कडेच्या रिकाम्या जागा छाटणारं स्ट्रिप कशाला लागतं ते मला सांगावं लागलं नाही. जिल्ह्यांच्या प्रश्नाचंही तसंच. तिने लिहिलेलं ३६ नुसता आकडा, इनपुटमधून आलेलं ३६ अवतरणात, जुळणार कसं? मजकुराचा आकडा करणारं इंट लावलं. मजा म्हणजे पायथनचं इंट मराठी आकडेही मुकाट्याने वाचतं. मी लगेच ‘छत्तीस’ टाकलं आणि खेळ व्हॅल्यूएररने (‘ही किंमत चालत नाही’) आडवा झाला, तेव्हा एरर झेलणारं ट्राय-एक्सेप्ट आलं.

थॉनीची खरी ताकद डीबगरमध्ये, म्हणजे कोड पायरीपायरीने चालवून दाखवणाऱ्या सोयीत, आहे. कंट्रोल-एफ५ दाबायचं आणि एफ७ने पुढे सरकायचं. अट लिहिलेल्या जागीच नावांऐवजी किमती दिसू लागतात आणि शेवटी ट्रू किंवा फॉल्स उरतं. फंक्शनमध्ये (नाव देऊन वेगळा काढलेला कोडचा तुकडा) शिरलं की वेगळी खिडकी उघडते, तिच्यात त्या फंक्शनचीच व्हेरिएबल्स. भाचीने प्रश्न विचारायचं फंक्शन केलं आणि ‘गुण’ त्याच्या आतच वाढवायला गेली; एरर आली. आतला ‘गुण’ आणि बाहेरचा ‘गुण’ वेगळे, हे फळ्यावर समजावताना मी मोठ्या माणसांपुढेही हात टेकलेत. इथे दोन खिडक्या शेजारी ठेवल्या आणि काम झालं. आता फंक्शन फक्त बरोबर की चूक एवढंच परत करतं, गुण बाहेर मोजले जातात. ठोकळे गेले, प्रश्न आणि उत्तरं एका लिस्टमध्ये, वर प्रत्येक प्रश्नासाठी तेच काम पुन्हा करणारा एक फॉर लूप. कळसूबाईला दोन उत्तरं ठेवली, कारण ‘कळसुबाई’ही लोक लिहितात आणि त्यावरून गुण कापणं म्हणजे छळ.

उणीव? अनेक फाइलींचा मोठा प्रोजेक्ट असेल तर थॉनी तोकडा पडतो, तेव्हा व्हीएस कोड या मोठ्या एडिटरकडे जावं. ओळीओळीने चालवणं धीमं आहे, लांब लूपमध्ये एफ७ दाबून बोट दुखतं; तिथे ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, लावा.

प्रश्न वेगळ्या टेक्स्ट फाइलीत काढणार असाल तर विंडोजवर ती उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, नाहीतर मराठी प्रश्नांच्या जागी अगम्य चिन्हं किंवा एरर येऊ शकते.