फॉगर, मिस्टर आणि आठ महिन्यांचं जागरण

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या एका वस्तूचा नाही, अख्ख्या जुगाडाचा आहे. जाळीचा पिंजरा, दोन बाय दोन बाय चार फूट उंच, त्यात सव्वा वर्षाचा एक व्हेल्ड कॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा), आणि त्याच्या ह्युमिडिटीपायी, म्हणजे हवेतल्या दमटपणापायी, मी आठ महिन्यांत एकेक करून जोडत गेलो ते सामान म्हणजे पंपवाली मिस्टिंग सिस्टीम (हाच मिस्टर, बारीक तोंडाच्या नोझलमधून पाणी फवारतो), अल्ट्रासॉनिक फॉगर (पाण्याचं धुकं करणारा), दोन डिजिटल हायग्रोमीटर (ह्युमिडिटी मोजायचे मीटर), एक ड्रिपर (थेंब थेंब पाणी टपकवणारा). कॅमेलिऑनचं नाव पोपट्या. सरड्याला पोपट्या का ते विचारू नका, रंग बघा.

सुरुवात स्प्रे बाटलीने केली होती. दिवसातून दोनदा फवारायचं, पानं ओली झाली की झालं असं वाटायचं, पण जाळीच्या पिंजऱ्यात पाणी वीस मिनिटांत उडून जातं आणि हे महाशय वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरून ओघळणारा थेंबच लागतो, तोही मूड असेल तर. शी केली की त्यातला पांढरा भाग बघायचा असतो, तो पांढरा असेल तर पाणी पुरतंय, आमच्याकडे तो गडद नारिंगी यायला लागला तेव्हा मी हादरलो आणि एकेक सामान मागवायला लागलो.

आणि इथेच माती खाल्ली. कुठेतरी डोक्यात बसलं होतं की ह्युमिडिटी सत्तर टक्के पाहिजे, मग मी चारही बाजूंनी जाळीला प्लास्टिक लावलं, वर काट्याचा गोल हायग्रोमीटर चिकटवला आणि दिवसरात्र काटा सत्तरवर धरून ठेवला. दीड महिना जाम खूश होतो मी. मग एक दिवस पोपट्या तोंड किंचित उघडं ठेवून, मान वर करून बसलेला दिसला. मला वाटलं बल्बखाली गरम होतंय, बास्किंगला, म्हणजे ऊब घेत, बसलेले असताना तोंड उघडतातच ते. पण संध्याकाळी बल्ब बंद झाला, तरी तोंड उघडंच. रात्री कान जवळ नेला तर बारीक टिकटिक आवाज, आणि जबड्याच्या कडेला बुडबुडा.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसा ह्युमिडिटी किती ठेवता तुम्ही?" मी अभिमानाने सांगितलं, सत्तर, अगदी स्थिर. त्यांनी विचारलं, "आणि हवा कुठून जाते?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. श्वसनाचं इन्फेक्शन होतं, अँटिबायोटिक इंजेक्शनचा कोर्स झाला, वाचला. गरम, दमट आणि कोंडलेली हवा म्हणजे जंतूंना आयतं घर, एवढं साधं गणित मला त्या बुडबुड्यानंतर कळलं.

मग थोडं वाचलं, थोडं जुन्या पाळणाऱ्यांना विचारलं. हा प्राणी मुळात येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडचा. तिकडच्या डोंगराळ भागात दिवस कोरडा तापतो आणि रात्री गारव्यात धुकं, दव येतं, म्हणजे त्याला हवा असतो तो चढउतार, आणि मी नेमका तोच मोडून काढला होता. आता माझं लक्ष्य दिवसा ३० ते ५० टक्के आणि रात्री ८० च्या वर असं आहे, तेही खोली रात्री खरोखर गार होत असेल तरच. उकाड्याच्या रात्री फॉगर लावत नाही म्हणजे नाही.

आकडा बघून घाबरणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. २२ अंशांवर ८० टक्के असलेली हवा, त्यातलं पाणी जराही न काढता, नुसती २९ अंशांवर तापवली की हायग्रोमीटर साधारण ५३ दाखवतो. मी सुरुवातीला दर सकाळी दिवे लागले की आकडा पडताना बघून स्प्रे घेऊन धावायचो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, माझी बाटलीपर्यंत.

आता वस्तूंबद्दल. काट्याचा हायग्रोमीटर घेऊच नका. मिठाची टेस्ट करून बघा, बाटलीच्या बुचात मीठ घेऊन थोडं पाणी घालून चिखलासारखं करायचं आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं, आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझे डिजिटल ७३ आणि ७६ वर थांबले. काट्यावाला ५८. म्हणजे मी ज्याला सत्तर समजत होतो ते प्रत्यक्षात किती होतं कोण जाणे. आता एक सेन्सर वर फांदीपाशी आणि एक खाली कुंड्यांजवळ, दोन्हींत सहज पंधरा टक्क्यांचा फरक असतो.

मिस्टिंग सिस्टीम मस्त आहे, पण टायमर सेकंदांचा घ्या. मी आधी साधा मेकॅनिकल टायमर लावला, त्याची कमीत कमी पायरी पंधरा मिनिटं, पहाटे उठलो तर ट्रे भरून वाहतोय आणि पायमोजे ओले. आता दिवे लागायच्या आधी दोन मिनिटं आणि मध्यरात्री एकदा दोन मिनिटं. नोझलचं तोंड बल्बकडे नको, गरम काचेवर पाणी पडलं की ती तडकू शकते. टाकी रिकामी राहून पंप कोरडा फिरला तर जळू शकतो, माझा अजून जळला नाही पण एकदा घरघर ऐकून पळत गेलोय. आवाजही कमी नाही, पिंजऱ्याला टेकवून ठेवलात तर सगळी जाळी थरथरते, खाली फोमचा तुकडा टाका.

फॉगर रात्री दोन ते सहा, चालू-बंद चालू-बंद. पाईप वरून सोडलाय कारण धुकं गार आणि जड असतं, आपोआप खाली उतरतं. प्लास्टिक आता दोनच बाजूंना ठेवलंय, पुढची आणि वरची जाळी मोकळी. नळाचं पाणी वापरू नका, फॉगर त्यातले क्षारही उडवतो आणि पानांवर पांढरी पावडर बसते, मिस्टरची नोझलं बुजतात ती वेगळी. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घाला.

पण खरी कटकट आहे ती साफसफाईची, आणि खोक्यावर हे कोणी लिहीत नाही. फॉगरच्या टाकीत बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं की समजा तोच चिकटा रात्रभर बारीक धूर होऊन त्याच्या फुफ्फुसात जातोय. मी दर आठवड्याला टाकी आणि पाईप निर्जंतुक करतो, खळखळून धुतो, पूर्ण वाळवतो. पाईपमध्ये खोलगट वळण राहिलं तर तिथे पाणी साचतं, हे मला तिसऱ्या महिन्यात वास आल्यावर कळलं. ज्याला हे जमणार नाही त्याने फॉगर न घेतलेलाच बरा, नुसत्या मिस्टरवरही निभतं.

झाडांनी मात्र फुकटात मदत केली. मनी प्लांट आणि जास्वंद दाटीने लावल्यावर पिंजऱ्याच्या मधल्या भागात ओलावा आपसूक टिकायला लागला, जास्वंदीची पानं तो खातोही. कुंड्यांतली माती मात्र दिवसा वरून कोरडी झाली पाहिजे, नाहीतर चिलटं आणि बुरशी.

फरक दिसायला साधारण महिना गेला. शीमधला तो भाग पुन्हा पांढरा झाला, कात आधी चिंध्यांसारखी दिवसेंदिवस लटकायची ती एका दिवसात उतरायला लागली. मागच्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला मुद्दाम मंद टॉर्च घेऊन बघत बसलो. फिकट पोपटी रंगात झोपलेला, शेपटी गुंडाळलेली, डोक्यावरच्या तुऱ्यावर दवाचे मणी. दिवे लागले, एक डोळा माझ्याकडे फिरला, मग कपाळावरचा थेंब घरंगळत ओठापर्यंत आला आणि त्याने जीभ किंचित बाहेर काढून तो चाटला. दोन मिनिटं नुसता स्वतःचंच तोंड चाटत होता.

तक्रार एकच उरलीये. पंप बंद झाल्यावरही डावं नोझल दहा-पंधरा मिनिटं टिपटिप गळतं, चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवला की थांबेल, तो आणूनही ठेवलाय. पण पोपट्याने ती जागा हेरलीये, मिस्टिंग संपलं की हळूहळू डुलत डुलत येतो आणि त्या थेंबाखाली तोंड धरून बसतो. व्हॉल्व्ह खोक्यातच आहे.