जुन्या स्विफ्टच्या ब्रेकचे काम: एक पावसाळा आणि बरेच घाट पाहून झाल्यानंतरचा अनुभव

कात्रजहून हिंजवडीला रोजची ये-जा आणि अधूनमधून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर या मार्गाने कोकणातल्या गावी फेरी, असा माझ्या २०१४च्या पेट्रोल स्विफ्टचा वापर आहे. गाडीला पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. शहरात ब्रेकबद्दल काही तक्रार नव्हती. मात्र माणसे आणि सामान भरून घाट उतरलो की पेडल नेहमीपेक्षा खोल जाई आणि पायाखाली मऊ लागे. गेल्या उन्हाळ्यात टप्प्याटप्प्याने ब्रेकचे काम करून घेतले आणि त्यानंतर पावसाळा व हिवाळा असे दोन्ही ऋतू गाडी चालवून हे लिहितो आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काही आठवडे चालवून मगच पुढच्या गोष्टीला हात लावायचा, असे आधीच ठरवले होते, त्यामुळे कशाचा उपयोग किती झाला हे बऱ्यापैकी वेगळे काढून सांगता येते.

घाटात ब्रेकवर किती ओझे पडते, हे एकदा आकड्यांत पाहावे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि पोलादपूर अगदी पायथ्याशी. म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांत गाडी जवळजवळ १,३०० मीटर खाली येते. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी पूर्ण थांबवताना जेवढी ऊर्जा उष्णतेत जाते, तिच्या ३३ पट ऊर्जा या एका उतारात कुठे ना कुठे जिरवावी लागते, आणि गाडी रिकामी असो वा भरलेली, हे प्रमाण बदलत नाही. त्यातला काही वाटा वारा आणि टायर उचलतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरले तर बराच वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचा मात्र बाकीचा सगळा भार डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडवर येतो. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जड वाहनांच्या ब्रेकचे काय होते, ते पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

म्हणून सुरुवात ब्रेक ऑइलपासून केली, आणि सगळ्या कामात सर्वांत मोठा फरक यानेच पडला. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. टाकीचे झाकण घट्ट असले तरी रबरी होजमधूनही ती हळूहळू आत शिरते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर हवेत ओलीशिवाय दुसरे काही नसते. ब्रेक ऑइलच्या प्रती ‘डॉट’च्या अंकाने ओळखतात. मानकानुसार ताजे डॉट-३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत, तर डॉट-५.१ साठी २६० आणि १८०. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जाते पण पॅडपर्यंत जोर पोहोचत नाही. तासाभराने सगळे थंड झाले की पेडल पुन्हा पूर्ववत होते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये दाखवली की “ब्रेक ओके आहे साहेब” एवढेच उत्तर मिळते.

नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ऑइलची पातळी पाहून वर थोडे भरतात, पूर्ण बदलत नाहीत. मी समोर उभा राहून, प्रत्येक चाकापाशी ऑइल बाहेर काढायचे जे निप्पल असते, त्याला पारदर्शक नळी लावून ते काढून घेतले. पहिले आलेले ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे होते, आणि मागच्या डाव्या चाकातून तर बारीक काळा गाळही आला. चारही चाकांतून फिकट पिवळे, बिनबुडबुड्यांचे ऑइल येईपर्यंत लिटरभराच्या आसपास डॉट-४ लागले. त्यानंतर आंबेनळीत तीच माणसे, तेवढेच सामान घेऊन उतरलो, तरी पेडलची उंची वरपासून खालपर्यंत एकच राहिली. एक सूचना आवर्जून करतो: डॉट-५ हे सिलिकॉनचे असते आणि ते डॉट-३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही, अंक मोठा म्हणून तेच चांगले असणार, असे समजून ते आणणारे लोक आहेत. आणि बॉनेटवर ऑइल सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उठतो.

पॅड बदलायला चाके उघडली तेव्हा उजव्या बाजूचा आतला पॅड जेमतेम तीन मिलिमीटर उरला होता आणि त्याच कॅलिपरचा बाहेरचा पॅड त्याच्या दुपटीहून जाड होता. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या गंजून अडकल्या की असे होते: पिस्टन आतल्या पॅडला दाबतो, पण कॅलिपर सरकत नसल्याने बाहेरच्या पॅडला पुरेसा दाब मिळत नाही. पिना काढून घासल्या, रबरी बूट नवे घातले आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावले. साधे ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढत असे, ते या साफसफाईनंतर बंद झाले. मागच्या ड्रममधली धूळ काढून शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) सेट केल्यावर पेडलची रिकामी चालही कमी झाली. या दोन्ही कामांत जवळजवळ मजुरीच काय ती द्यावी लागली, आणि दिखाऊ वस्तूंच्या मानाने त्यांचे मोल कितीतरी अधिक आहे.

पॅड सिरॅमिक घेतले. चाकांवरची काळी भुकटी निम्म्याहून कमी झाली आणि आवाज जवळजवळ नाहीच. पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक लावताना खर्र होते, पण तो डिस्कवर आलेल्या गंजाच्या पापुद्र्याचा आवाज असतो आणि तो आपोआप जातो. थंड असताना पॅडची पहिली पकड मात्र मूळ पॅडपेक्षा थोडी सौम्य वाटते. पहिल्या सिग्नललाच पाय जरा जास्त दाबावा लागतो, हे गाडी दुसऱ्याच्या हाती देताना सांगून द्यावे. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर साधारण ६० च्या वेगावरून १५-२० पर्यंत, मध्ये थंड व्हायला वेळ देत, मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक लावून ते डिस्कवर बसवून घ्यावेत, आणि तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहू नये. पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटला की पुढे स्टिअरिंग थरथरते आणि लोक त्याला “डिस्क वाकली” म्हणतात. माझ्या डिस्क कडेवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा भरपूर जाड होत्या, म्हणून त्या तशाच ठेवल्या. छिद्रे पाडलेल्या डिस्क दिसायला छान असतात, पण रोजच्या गाडीत त्यांचा थांबवण्याला उपयोग नगण्य आणि छिद्रांपाशी तडे जाण्याची शक्यता मात्र खरी.

स्टीलच्या जाळीचे होज पाइपही घातले. पेडल कडक झाले, पायाला खात्री वाटते, गाडी थांबण्याचे अंतर मात्र तेवढेच आहे. दहा वर्षांचे रबरी होज बदलायलाच हवे होते, हे खरे. कंपनीचे नवे रबरी घातले असते तरी कडकपणाचा मोठा भाग मिळाला असता. या खर्चाची शिफारस मी कोणाला करणार नाही.

शेवटचा बदल टायरांचा केला, आणि ऑइलनंतरचा क्रमांक त्याचाच लागतो. एबीएस घरघरू लागले, म्हणजे ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त झाली. त्यापुढे महागडा पॅड एक मीटरही वाचवत नाही. चांगली पकड असलेल्या कोरड्या रस्त्यावर १०० च्या वेगावरून थांबायला ५० मीटरच्या आसपास लागतात, पकड पाऊण झाली तर ६५च्या पुढे, आणि यात पाय पेडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे २८ मीटर धरलेले नाहीत. माझ्या जुन्या टायरांची नक्षी कायद्याच्या १.६ मिलिमीटरच्या वर होती, तरी रबर इतके टणक झाले होते की पावसात बायपासवर मध्यम ब्रेकलाही एबीएस जागे होई. नव्या टायरांवर, त्याच जागी, या पावसाळ्यात तसे क्वचितच झाले.

मागे डिस्क बसवून देण्याचा प्रस्ताव एका गॅरेजने दिला होता, तो नाकारला. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, म्हणून मागच्या चाकांचा वाटा मुळातच लहान ठेवलेला असतो; तो वाढवला तर ओल्या वळणावर मागची चाके आधी सुटू पाहतात, आणि एबीएसची जुळणी मूळ ड्रम धरूनच केलेली असते. त्याशिवाय हँडब्रेकची केबल नव्याने जुळवावी लागते, ते वेगळेच.

सध्या पुढचे पॅड दोन्ही बाजूंनी, आतून आणि बाहेरून, सारखेच झिजलेले आहेत. ऑइल दोन वर्षांनी बदलायचे असले तरी कोकणातल्या फेऱ्या पाहता मी ते येत्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, ओल मोजणाऱ्या पेन-टेस्टरने तपासून घेणार आहे. पिनांचे ग्रीसही त्याच वेळी पाहून होईल.