बॅटरी ‘मेली’ म्हणून जुनीच बॅटरी नवी म्हणून गळ्यात मारली

मोटारसायकलच्या एकाच कामात एका गॅरेजवाल्याने मला दोनदा फसवलं. चांगली बॅटरी मेली म्हणून काढून घेतली आणि तिच्या जागी वापरलेली बॅटरी नवी म्हणून बसवली. ही युक्ती कुणावरही चालू शकते, म्हणून ती कशी चालते ते सविस्तर लिहितो.

गाडी सेल्फ घेत नव्हती. बटण दाबलं की रिलेची टकटक, हेडलाइट मंद. मेकॅनिकने बॅटरीला लोड टेस्टरचे (बॅटरीवर मुद्दाम भार टाकून व्होल्टेज किती पडतं ते दाखवणारं यंत्र) चिमटे लावले, बटण दाबलं आणि काटा लाल पट्ट्यात घसरलेला मला दाखवला. “सेल गेलेत. ही आता चार्ज होणार नाही.” डोळ्यांसमोर काटा पडला की माणूस पुढे काय बोलणार?

पण बॅटरी उतरलेली असली तर काटा पडणारच, मग ती कितीही चांगली असो. १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, सीलबंद प्रकारातली १२.८ च्या आसपास. १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. अशा रिकाम्या बॅटरीवर लोड टेस्ट घेणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावून तो आजारी आहे असं ठरवणं. आधी पूर्ण चार्ज, मग काही तास विश्रांती, मग टेस्ट, हाच क्रम. तेवढ्यानेही ती १०.५ च्या आसपासच अडकली, तर एखादा सेल गेला असं म्हणायला आधार मिळतो. या माणसाने चार्जर लावलाच नाही.

‘नवी’ बॅटरी बसवताना त्याने स्वतःहून मल्टिमीटर लावून १३ च्या वरचा आकडा दाखवला. हाही डावच होता. चार्जरवरून नुकतीच काढलेली कुठलीही बॅटरी, अगदी म्हातारी झालेलीसुद्धा, थोडा वेळ असा फुगलेला आकडा दाखवते. ती काही तास तशीच ठेवली किंवा थोडा वेळ हेडलाइट लावून ठेवला, की खरा आकडा उतरून दिसतो. स्टिकर कोरा होता, पण ज्या जागी उत्पादनाचा महिना-वर्ष कोरलेलं असतं तिथे प्लॅस्टिक खरवडलेलं होतं आणि टर्मिनलवर आधीच्या बोल्टच्या खुणा होत्या. जुनी बॅटरी बदल्यात घेतली म्हणून त्याने बिलात सूट धरली, आणि ती तिथेच राहिली. आता ती कुणाच्या गाडीत ‘नवी’ होऊन बसली असेल, हा विचार मला अजून छळतो.

थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा बंद. यावेळी नात्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी बॅटरीला हात लावण्याआधी इंजिन चालू केलं, रेस वाढवून ५००० आरपीएमच्या आसपास धरली आणि टर्मिनलवर व्होल्टेज पाहिलं. तिथे साधारण १३.५ ते १४.५ यायला हवं होतं. आकडा १२ च्या थोडा वर होता आणि रेस देऊनही हलत नव्हता. म्हणजे चार्जिंगच होत नव्हतं. रेग्युलेटर-रेक्टिफायरचा (इंजिनवर तयार होणारी वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजला पुरवणारा भाग) कनेक्टर जळून काळा पडला होता. मूळ दोष हा. (हाच आकडा १५ च्या वर गेला असता तर उलटा दोष. रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळते आणि पाणी आटतं.)

कनेक्टर बदलून त्यांनी ती ‘नवी’ बॅटरी सावकाश पूर्ण चार्ज केली, रात्रभर ठेवली आणि मग सेल्फ मारून पाहिला. सेल्फ फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या वर टिकायला हवं. हिचं त्याच्या बरंच खाली कोसळलं. दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत पडून प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलं की असं होतं. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, “तुमच्या गाडीच्या वायरिंगमध्ये दोष आहे, वॉरंटी बसत नाही.” जो दोष त्याने शोधायची तसदीच घेतली नव्हती, तोच त्याने ढालीसारखा पुढे केला! वॉरंटी कार्डावर शिक्का नव्हता, बिलावर सिरियल नंबर नव्हता.

म्हणून बॅटरी बदलायला कुणी सांगितलं, तर आधी तिच्या अँपिअर-अवरच्या (एएच, म्हणजे बॅटरीची साठवण क्षमता) एक दशांश करंटने ती चार्ज करून घ्या. ५ एएचची असेल तर अर्धा अँपिअर. कारच्या मोठ्या चार्जरवर घाईने लावू देऊ नका. पाणी भरायच्या प्रकारात प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. ‘अॅसिड टाकून ताजी करतो’ म्हणणाऱ्याला थांबवा, आणि सीलबंद बॅटरीचं झाकण कुणालाही उचकटू देऊ नका. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा जवळ ठिणगी नको. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडवायची, लावताना शेवटी. म्हणजे पाना चुकून चासीला टेकला तरी शॉर्ट होत नाही.

गाडी नुसती उभी राहून बॅटरी उतरत असेल तर चावी बंद ठेवून निगेटिव्ह वायरमध्ये मीटर जोडून करंट मोजायला सांगा. काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त जात असेल तर अलार्म, जीपीएस किंवा मागाहून जोडलेलं काहीतरी ती खात असतं. तसं असेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत रिकामी होईल.

आणि खरोखरच नवी घ्यायची वेळ आली, तर कोरलेली तारीख स्वतः वाचा, सिरियल नंबर बिलावर लिहून शिक्का घ्या. अॅसिड वेगळं येणारी बॅटरी असेल तर ते समोर भरून, चार्ज करूनच बसवून घ्या. सूट बुडाली तरी चालेल, पण नवी नीट चालते हे कळेपर्यंत जुनी बॅटरी दुकानात सोडू नका.