रिसर्च मेथडॉलॉजीचा रविवारचा क्लास, औरंगपुरा, संभाजीनगर : ४ स्टार

सोशियॉलॉजीत एमए करायलेत नाहीतर सेट-नेटची तयारी चालू आहे त्यांनी हा क्लास लावाच. आपल्याकडं मेथडॉलॉजी, म्हणजे संशोधन कसं करायचं ते, म्हणलं की प्रश्नावलीचे प्रकार, नमुन्याचे प्रकार, पाठ करा अन् पेपरात उतरवा. इथले सर आधी एकच विचारतात, दार कोणी वाजवलं? माहिती गोळा करायला घरोघर नेमकं कोण गेलं?

म्हणजे बघा, चार्ल्स बूथ या इंग्लंडच्या उद्योगपतीनं १८८६ ला लंडनची गरिबी मोजायला घेतली, पण शाळेच्या पोरांसाठी घरोघर फिरणारे स्कूल बोर्डाचे व्हिजिटर होते, त्यांनाच गल्लीन् गल्ली विचारून बरीचशी माहिती गोळा केली, त्यातून ३०.७ टक्के गरीब निघाले. अमेरिकेचा समाजशास्त्रज्ञ डू बॉइस मात्र १८९६-९७ ला फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात स्वतः दारोदार हिंडला. १८९९ ला राउंट्री या संशोधकानं इंग्लंडच्याच यॉर्कमधल्या कामगारांच्या घरोघरी माणसं पाठवली, ११,५६० कुटुंबं! आणि १९१२ ला बाउली या संख्याशास्त्रज्ञानं तिथल्याच रेडिंगमध्ये साधारण वीस घरांमागं एक घर घेऊन काम भागवलं. या क्रमानं ऐकलं की सॅम्पलिंगची, म्हणजे सगळ्यांऐवजी थोडीच घरं निवडून मोजायची, गरज का पडली ते पाठ करावं लागत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. सरांनी विचारलं, बीडच्या गावात जानेवारीत विसावं घर निवडलं आणि दाराला कुलूप, माणसं ऊसतोडीला गेलेली, मग शेजारचं घर घेणार का? घेतलं तर गावात राहू शकले तेच मोजले जातात, पोटासाठी गेलेले गळतात. पाटोद्याकडची पोरं म्हणाली घरी म्हातारे असतात की, त्यांना विचारू. पण मुकादमाकडून उचल किती घेतली हे म्हातारीला नेमकं माहीत असतंच असं नाही, म्हणजे पुन्हा बूथसारखी दुसऱ्याच्या तोंडची माहिती. यावर लई वेळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच पाहिजे होती.

एक स्टार कापला तो नोट्ससाठी. बूथनं लंडनच्या गल्ल्या गरिबी-श्रीमंतीप्रमाणं रंगवून नकाशा केला, त्याची सगळी मजा रंगात आहे, सगळ्यात खालच्या थराची गल्ली काळी, त्याच्या वरची गडद निळी, श्रीमंतांची पिवळी, आणि इथं देतात ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स! काळं-निळं ओळखूच येत नाही. कलर प्रिंट स्वतःच काढून न्या. आणि पुण्याच्या शेती कॉलेजचा प्रिन्सिपल हॅरॉल्ड मॅन, त्यानं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ ला छापला, तो आपल्या इतक्या जवळचा असून पाच मिनिटांत गुंडाळला, सर, त्याला एक पूर्ण रविवार द्या ना.