टेट मॉडर्नचा टर्बाइन हॉल: हिवाळाभर वापरल्यानंतर

लंडनात लहान पोर घेऊन हिवाळा काढायचा म्हणजे डोक्यावर छप्पर असलेली आणि पैसे न मोजता तासभर हुंदडू देणारी जागा शोधणं आलं. आम्हाला ती थेम्सकाठच्या बँकसाइडच्या जुन्या वीजकेंद्रात सापडली, जिथे आता टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय आहे. टेट मॉडर्नमधल्या चित्रांबद्दल जाणकार लिहितीलच. मी लिहितोय ते टर्बाइन हॉलबद्दल, म्हणजे पूर्वी वीजयंत्रं असलेल्या मोठ्या दालनाबद्दल, आणि त्यातही मुख्यतः त्याच्या उताराबद्दल.

पश्चिमेच्या दारातून शिरलं की पायऱ्या नाहीतच. काँक्रीटचा रुंद उतार थेट तळघराच्या पातळीपर्यंत जातो. बाबागाडी उचलावी लागत नाही, मुलगी हात सोडून धावत सुटते. थकलेली माणसं उतारावरच फतकल मारून बसतात, कोणी हटकत नाही. फरशी मात्र कडक. गुडघे फुटतात, जाड पँट घालाच.

इमारत गाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाची. वीजनिर्मिती 1981 मध्ये थांबली, 2000 मध्ये संग्रहालय उघडलं. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारद जोडीनं यंत्रं हलवून 155 मीटर लांब, 35 मीटर उंच पोकळी तशीच ठेवली. आधी मला ही उधळपट्टी वाटायची. एवढ्यात चार-पाच मजले सहज निघाले असते. आता उलट वाटतं. मजले भरले असते, तर आपल्याला पळायला जागा कुठली मिळाली असती? स्कॉटचंच बॅटर्सी वीजकेंद्र 2022 मध्ये खुलं झालं, ते दुकानं, ऑफिसं आणि फ्लॅट होऊन. धुराड्यातल्या लिफ्टलाही तिकीट. इथे मोठी प्रदर्शनं सोडली तर प्रवेश फुकट, आणि माझ्या लेखी हाच पुनर्वापर खरा.

अलीकडे मुलीला जमिनीवरची वेडीवाकडी रेघ सापडली. 2007 मध्ये डोरिस साल्सेडो या कोलंबियाच्या शिल्पकार बाईंनी हॉलच्या जमिनीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पाडली होती. नंतर ती बुजवली, व्रण राहिला. मुलगी एक पाय रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे टाकत शेवटपर्यंत जाते आणि परत येते. हे तिचं कलादर्शन. मला पुरेसं आहे.

दक्षिण बाजूला वीज कंपनीचं सबस्टेशन अजून चालू आहे. म्हणजे इमारतीनं जुना धंदा पुरता सोडलेला नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

चहा थर्मासमध्ये न्या आणि बाहेर नदीकाठी प्या. आणि पहिल्यांदा जाणार असाल तर पश्चिमेच्या दारानंच शिरा. नदीकडच्या दारानं गेलात तर थेट वरच्या पातळीवर पोचता आणि उतार हुकतो.