लायसन्सचे पैसे घेतले आणि बसवलं चोरीचं प्लगइन

मालवणात आमचा पाच खोल्यांचा होमस्टे आहे. बुकिंगसाठी ओळखीतल्या एकाकडून वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, साइट करून घेतली. दोन प्रीमियम प्लगइन्स (साइटला जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम) लागतील, वर्षाच्या लायसन्सचे साडेआठ हजार वेगळे, असं ते म्हणाले. मी दिले. बिलावर नुसतं 'सॉफ्टवेअर' लिहिलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून एका ताईंचा फोन आला. "दादा, तुमची साइट उघडली की जुगाराचं पान येतंय." मी लॅपटॉपवर पाहिलं, सगळं ठीक. तुमच्याच फोनमध्ये काहीतरी असेल, असं मी त्यांना सांगून बसलो. आणखी दोघांनी तेच सांगितलं, तेव्हा भाचीने मोबाइलवर गूगलमध्ये आमचं नाव शोधून लिंक दाबली. आमच्या अंगणाचा फोटो आला न आला तोच पत्ते आणि फिरती चक्रं. गूगलवरून येणाऱ्याला पळवायचं आणि लॉगिन केलेल्या मालकाला काही दिसू द्यायचं नाही, अशीच साइटमध्ये चोरून घातलेल्या अशा कोडची रचना असते. मी रोज लॉगिन करूनच साइट बघायचो.

कुडाळच्या एका जाणकार मुलाने फाइली उघडून दाखवल्या. दोन्ही प्लगइन्स 'नल्ड', म्हणजे लायसन्सची तपासणी काढून फुकट वाटलेल्या प्रती. त्यांच्यासोबत 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' नावाचा मालवेअर, म्हणजे घातक कोड, आत शिरला होता. नल्ड प्लगइन्स आणि थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइली) यांतून पसरणाऱ्या या मालवेअरबद्दल वर्डप्रेसच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या वर्डफेन्सने 2019 मध्येच सविस्तर लिहिलं होतं. प्लगइन्स काढली तरी थीमच्या फाइलींत कोड पुन्हा उगवत होता. त्याच होस्टिंगवरच्या, म्हणजे साइट ठेवायच्या त्याच भाड्याच्या जागेतल्या, भावाच्या मसाल्यांच्या साइटलाही लागण झाली. त्याने तर काहीच केलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

अस्सल प्लगइनमध्येही भोकं सापडतातच. नोव्हेंबर 2024 मध्ये 'रिअली सिंपल सिक्युरिटी' या 40 लाखांवर साइट्सवरच्या प्लगइनमध्ये, टू-फॅक्टर (पासवर्डसोबतची दुसरी तपासणी) चालू असेल तर, पासवर्डशिवाय कोणाच्याही नावाने आत शिरता येत होतं. दुरुस्ती आली, वर्डप्रेसने ती सक्तीने पोचवलीही. पण चोरीच्या प्रतीला असं अपडेट येणार कुठून?

म्हणून कळकळीने सांगतो, लायसन्स आणि होस्टिंग स्वतःच्या ईमेलवर घ्या. डॅशबोर्डमध्ये 'युझर्स' उघडून अनोळखी ॲडमिन कोणी आहे का बघा. नुसतं डीॲक्टिव्हेट केलेलं प्लगइनही धोक्याचंच, कारण फाइली सर्व्हरवर राहतात. नको ते डिलीट करा. बॅकअपची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवा. आणि आपली साइट अधूनमधून लॉगिन न करता, दुसऱ्याच्या मोबाइलवरून, गूगलमधून उघडा. हे मला आधी माहीत असतं तर तो पहिला फोन आला त्याच दिवशी कळलं असतं.

साइट करून देणाऱ्यांकडे लायसन्सची पावती मागितली तर ते म्हणाले, "सगळेच असं करतात." त्यानंतर फोन उचलत नाहीत. तुमची साइट कोणी सांभाळत असेल तर ती पावती आजच मागून घ्या.