टीम फोर्ट्रेस २: मेडिक म्हणून पुन्हा दहा महिने

गेल्या दिवाळीत नाशिकला घरी गेले तेव्हा दादाने विचारलं, "टीएफ-टू टाकू का परत?" मी बारावीत असताना, २०१३ मध्ये, एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने आम्ही हा दोन टीमच्या ऑनलाइन लढाईचा गेम खेळायचो. त्या दिवाळीला आता दहा महिने झाले. मी पुण्यात, तो नाशिकला. शनिवारी रात्री जेवणं उरकली की दोघं एका टीममध्ये. एवढं खेळून झाल्यावर लिहितेय.

गेम आला १० ऑक्टोबर २००७ ला. त्या काळातले हुबेहूब खरे दिसायला निघालेले गेम आज बघवत नाहीत, हा मात्र अजून देखणा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन जाहिरातचित्रांवरून, त्यातही जे. सी. लायेनडेकर यांच्या शैलीवरून, यातली माणसं घडवली आहेत. निवडायला एकूण नऊ पात्रं, आणि प्रत्येकाची ठेवण वेगळी. हेवीचा डोंगरासारखा देह, स्काउटच्या काटकुळ्या तंगड्या, मेडिकचा लांब कोट. धुरातून नुसता आकार पुढे आला तरी कोण आहे आणि पळायचं की भिडायचं, हे कळतं. आवाजांचंही तसंच. हेडफोन लावले की भिंतीपलीकडे कोण ओरडतंय ते ओळखू येतं.

मी मेडिक, म्हणजे टीमचा डॉक्टर, खेळते. माझा नेम कधीच फार चांगला नव्हता आणि इतर शूटर गेममध्ये त्यामुळे मी टीमला जड व्हायचे. इथे माझ्या हातात मेडिगन असते. जखमी माणसावर तिचा झोत धरला की तो बरा होतो, आणि धरून ठेवला तर त्याची हेल्थ, म्हणजे मार सोसायची क्षमता, दीडपट होते. हेवीची ३०० ची ४५०. बरं करत राहिलं की साधारण ४० सेकंदांत उबर, म्हणजे मेडिगनची खास शक्ती, भरतो आणि मग आठ सेकंद आम्हा दोघांना काहीही लागत नाही. ते आठ सेकंद कधी वापरायचे, हा मेडिकचा खरा अभ्यास. घाई केली तर वाया, उशीर केला तर मेल्यावर भरलेला उबर जातोच.

दुसरा अभ्यास मागे बघण्याचा. शत्रूचा स्पाय आपल्याच माणसाचं सोंग घेऊन येतो आणि पाठीत सुरा खुपसतो. एका घावात संपलं. पहिले दोन महिने दादा सारखा ओरडायचा, "अगं, मागे बघ!" आता दर चार-पाच सेकंदांनी मान आपोआप वळते. आपला वाटणारा पायरो आग न फेकता नुसताच जवळ येतोय, किंवा स्नायपर बंदूक सोडून माझ्याकडे सरकतोय, एवढ्यावरून संशय येतो. सराव म्हणतात तो हाच.

एक शनिवार मनात घर करून बसलाय. अपवर्ड नावाचा मॅप (लढाईचं मैदान), आमच्या टीमने शेवटपर्यंत ढकलत न्यायची बॉम्बची गाडी शेवटच्या वळणावर अडलेली. वर दोन तिसऱ्या लेव्हलच्या सेंट्री (आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुका), त्यांच्यामागे इंजिनिअर पाना घेऊन बसलेला. माझा उबर ९६ टक्के. दादा भिंतीआड हेवीच्या बंदुकीची नळी फिरवत उभा. शंभर झाले तसं मी "चल" म्हटलं. सेंट्रीच्या गोळ्यांचा मारा इतका की हेवीसुद्धा मागे रेटला जात होता. पहिली सहाव्या सेकंदाला फुटली, दुसरी अगदी उबर विझता विझता. मग आम्ही दोघंही मेलो. पण तेवढ्यात बाकीच्यांनी गाडी पुढे ढकलली आणि ती शेवटच्या खड्ड्यात गेली, म्हणजे आम्ही जिंकलो. दादाला फोनवर बोलताही येईना, इतका तो हसत होता.

आता दुखणं. मध्यंतरी काही वर्षं बॉट्सनी, म्हणजे माणसाऐवजी खेळणाऱ्या प्रोग्रामनी, हा गेम खाल्ला होता. मॅचमध्ये शिरावं तर समोर यंत्रासारखे नेम धरणारे पाच-सहा स्नायपर. मीही तेव्हा कंटाळून सोडला. जून २०२४ मध्ये जगभरच्या खेळाडूंनी या बॉट्सविरुद्ध याचिका काढली, तीन लाखांवर सह्या झाल्या, आणि त्यानंतर ही कीड बरीच हटली. या दहा महिन्यांत मला बॉट क्वचितच भेटले. कधीकधी सिंगापूरचा सर्व्हर मिळतो, तेव्हा पिंग, म्हणजे सर्व्हरशी जोडणीतला उशीर, जाणवतो.

पैशांचं म्हणाल तर २०११ पासून गेम फुकट आहे. फक्त एक ध्यानात ठेवा. काहीच विकत न घेतलेल्या खात्याला सामान ठेवायला ५० जागा मिळतात आणि अधिकृत मॅचमध्ये टाइप करून किंवा माइकवर बोलता येत नाही. अगदी स्वस्तातली एखादी वस्तू घेतली की जागा ३०० होतात. पात्रांना घालायच्या टोप्यांच्या खरेदी-विक्रीत मी पडले नाही.

रिक मे हे सोल्जर या पात्राचा आवाज होते. एप्रिल २०२० मध्ये कोविडने ते गेले. त्यानंतर मॅपांवर सलाम करणारे सोल्जरचे पुतळे उभे राहिले. महिनाभराने बाकीचे काढले, ग्रॅनरी नावाच्या मॅपवरचा ठेवला. परवा ग्रॅनरी लागला. दादा हेवी घेऊन त्या पुतळ्याकडे गेला, मी मागोमाग. जवळ गेलं की पुतळ्यातून त्यांचा आवाज येतो. दोघांनी ते वाक्य पूर्ण ऐकलं. तोवर कोणीतरी "मेडिक!" म्हणून हाक मारली आणि मी पळाले.